शक्यतो निघा

मी बोलतेय. थांबा, थांबा, अंगठ्याने वर सरकवू नका मला. तुमची ती सवय मला चांगली ठाऊक आहे. माणूस येतो, माझ्या पहिल्या ओळीवरून नजर फिरवतो, 'सरकारी दिसतंय' असं पुटपुटतो आणि हवामान बघायला निघून जातो. आज जरा टेका. हवामान कुठे पळून जात नाही.

मी एक सूचना आहे. परराष्ट्र खात्याने काढलेली, साधी, काळ्या अक्षरांतली प्रवासाची सूचना. अमुक देशात भडका उडायची चिन्हं आहेत, तिकडे जाऊ नका, गेला असाल तर परत या, एवढं सांगायला मला जन्माला घातलं. आणि मी सांगायचेही. पण अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी दूरचा पाहुणा प्रकृतीची चौकशी करतोय.

शाळेत तुम्ही फाटक्या पुस्तकाचं, मोडक्या खुर्चीचं आत्मवृत्त लिहिलं असेल. त्यांचा मला हेवा वाटतो. खुर्चीवर निदान कुणी बसलं तरी होतं. माझ्याकडे बघून कुणी उठलंही नाही आणि बसलंही नाही.

माझा जन्म झाला तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. खोलीला खिडकी आहे, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. त्यामुळे साऱ्या जगाकडे लक्ष ठेवणाऱ्या त्या खोलीला बाहेर ऊन आहे की पाऊस, ते मात्र कळत नाही. भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात ठिबकणारं पाण्याचं पिंप, त्याखाली जुन्या फायलीचा पुठ्ठा आणि समोरासमोर दोन टेबलं. त्यातल्या एका टेबलावर बसणाऱ्या अधिकारी बाईंनी मला लिहिलं. मी तिला मनातल्या मनात आई म्हणते. तिचं लग्न झालेलं नाही, तेव्हा हे तिच्यापर्यंत पोचू देऊ नका, उगाच बिचारीच्या मागे चर्चा नको.

आईने मला एकाच बैठकीत लिहिलं. तिकडच्या वकिलातीकडून बातम्या येत होत्या आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. लिहून झालं तेव्हा मी अशी होते: 'तिकडे जाऊ नका. जे तिथे आहेत त्यांनी आजच निघावं. विमानं चालू आहेत तोवर निघावं.' बस. अंगाने सडपातळ, पण चावरी. तो माझा सगळ्यात देखणा काळ, आणि तो जेमतेम चहा निवेपर्यंत टिकला.

कारण मग मला जिना चढावा लागला. आमच्या खात्यात कुठलाही कागद बाहेर पडण्याआधी वर जातो, आणि वर गेलेला कागद अंगाने भरून आणि अकलेने रोडावून खाली येतो. पहिला मुक्काम कक्षप्रमुखांकडे. त्यांना सगळी इमारत पाठीमागे शक्यतोसाहेब म्हणते. त्यांच्या हाताखालून 'शक्यतो' लागल्याशिवाय एकही वाक्य सुटलेलं नाही. घरी बायकोलाही ते 'शक्यतो जेवायला वाढ' म्हणत असावेत, असा सगळ्यांचा अंदाज आहे. त्यांनी मला चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं आणि माझ्या पोटात पहिला 'शक्यतो' घातला.

तिथून मी कायदा बघणाऱ्यांकडे गेले. त्यांनी 'स्वतःच्या जबाबदारीवर' चिकटवलं. मग व्यापार खात्यातून फोन आला. तिकडे लवकरच मोठं औद्योगिक प्रदर्शन भरणार होतं आणि 'आजच' या शब्दाने म्हणे विनाकारण घाई सुचवली जात होती. तेव्हा 'आजच' गेलं आणि 'योग्य वेळी' आलं. आणखी कुणीतरी 'उचित' घातलं. ते कुणी घातलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

खाली आले तेव्हा माझा अवतार असा होता: 'सद्यःस्थिती लक्षात घेता नागरिकांनी सदर देशाचा अनावश्यक प्रवास शक्यतो टाळावा. तेथे वास्तव्यास असलेल्या नागरिकांनी परिस्थितीवर लक्ष ठेवून, आवश्यकता भासल्यास, स्वतःच्या जबाबदारीवर, योग्य वेळी उचित निर्णय घ्यावा.'

सांगा बरं, यात काय सांगितलंय? मलाही कळलं नाही, आणि ती मीच आहे. आईने मला वाचलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाळसं धरलं, पण दात एकही नाही." मग तिने मुकाट्याने मला जगात सोडलं.

माझी कारकीर्द सुरू झाली. शहरातल्या एका प्रवास कंपनीच्या कचेरीत मला लावणं सक्तीचं होतं. मालकाने कायदा तंतोतंत पाळला. त्याने मला दाराच्या मागच्या बाजूला लावलं. दिवसभर दार उघडं असायचं, म्हणजे दिवसभर माझं तोंड भिंतीला. संध्याकाळी दार बंद झालं की मी दिसायचे, पण तेव्हा बघायला झाडूवाल्या मावशीच असायच्या. त्या मला रोज पुसायच्या आणि कुठेच जायच्या नाहीत. माझं तंतोतंत पालन करणाऱ्या त्या एकट्याच.

एक नवपरिणीत जोडपं आलं होतं. त्यातल्या मुलीने कशी कोण जाणे, फोनवर मला गाठलं आणि नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, सरकार असंच म्हणतं, त्यांना अंग काढून घ्यायचं असतं. मला राग यायला हवा होता. पण तो खरं बोलत होता, मग रागवू कोणावर?

माझा एकच रसिक वाचक होता, तो म्हणजे विमा कंपनीतला गृहस्थ. त्याने मला शब्दन् शब्द वाचलं, माझ्याखाली रेघा मारल्या, माझी प्रत जपून ठेवली. कुणी नुकसानभरपाई मागायला आलं की तो प्रेमाने मला पुढे करायचा आणि म्हणायचा, सरकारने तर सांगितलं होतं. माणसांना वाचवायला निघालेली मी, विमा कंपनीला वाचवत बसले.

आता मामाबद्दल सांगते. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. मी तिला आई मानलं, तर तो माझा मामाच झाला. तो नेमका त्याच देशात, राजधानीतल्या एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. त्या दोघांचे आई-वडील लवकर गेले तेव्हा त्याने स्वतःचं शिक्षण सोडलं, हातात पाना घेतला आणि बहिणीला शिकवलं. तिची ही नोकरी, तिसऱ्या मजल्यावरचं हे टेबल, सगळं त्याच्या पान्यातून आलेलं. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, डॉक्टरांनीही आशा सोडल्यावर, आता कुठे मामीला दिवस गेले होते.

वकिलातीने मला तिकडच्या आपल्या लोकांच्या फोनवर धाडलं, तेव्हा मामा लिफ्टच्या टपावर बसून तारा तपासत होता. त्याने हात पुसले, मला वाचलं, परत वाचलं आणि हसत सुटला. खाली उभ्या असलेल्या जोडीदाराला त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. तोही हसला. मग मामाने आईला फोन लावला.

"बारके, हे तू लिहिलंयस?" तो तिला लहानपणापासून बारके म्हणतो. ती म्हणाली, थोडंसं. तो म्हणाला, गेली कित्येक वर्षं तुमच्या खात्याकडून असलंच काहीतरी येतं आणि होत काही नाही, म्हणून मी वाचणं सोडलं होतं. पण आता गोष्ट वेगळी आहे. पोट अजून वाढलं की विमानवाले हिला घेणार नाहीत, म्हणजे मग बाळंतपण इथेच. डॉक्टर चांगले आहेत, घर मांडलेलं आहे, सगळं सोडून उठायचं तर कारण पाहिजे. आणि मग त्याने सरळ विचारलं, "जाऊ की राहू? तेवढं सांग."

आईच्या टेबलावर वकिलातीचा ताजा निरोप उघडा पडला होता. तिकडच्या सैन्यातल्या बड्या लोकांनी बायकामुलं गुपचूप गावाबाहेर हलवली होती. इस्पितळांना खाटा रिकाम्या ठेवायचे तोंडी हुकूम होते. यातलं एक वाक्य ती बोलली असती तरी मामाने त्याच दिवशी बॅग भरली असती.

पण त्या खोलीचा एक नियम आहे. जे सगळ्यांना सांगता येत नाही, ते आपल्या माणसांनाही सांगायचं नाही. फार पूर्वी म्हणे कुणीतरी आपल्या सासूला हळूच बोलावून घेतलं होतं आणि बाकीचे मागे राहिले होते. तेव्हापासून तिथे कामाला लागणारा प्रत्येकजण पहिल्याच दिवशी या नियमाखाली सही करतो. आईनेही केली होती. आणि ती असल्या बाबतीत महाहट्टी.

"सूचना वाचलीस ना, दादा," ती म्हणाली. "मला तेवढंच सांगता येतं."

तो म्हणाला, तिच्यात काय आहे सांगण्यासारखं? उचित निर्णय घ्या म्हणे. तुझं उचित काय ते सांग. आईने तो निरोप पालथा घातला. शेवटी तो अगदी शांतपणे म्हणाला, "बरं. सरकारी झालीस तू," आणि फोन ठेवला.

मी त्या वेळी तिच्या टेबलावर उताणी पडले होते. तोवर मला स्वतःचा फक्त कंटाळा यायचा, त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. दोन सख्खी भावंडं माझ्यामुळे एकमेकांशी बोलायची बंद झाली होती, आणि मी मध्ये 'उचित उचित' करत बसले होते. एवढं अंग वाढवून घेतलं, पण एका गरोदर बाईला घरी आणायची ताकद नाही. काय चाटायचीय ती शुद्ध भाषा!

आईने डोळे पुसले, तोंडावर पाणी मारलं आणि एका कोऱ्या कागदावर माझी ती पहिली तीन वाक्यं लिहून काढली. ती तिला पाठ होती. मग मला आणि त्या कागदाला घेऊन ती शक्यतोसाहेबांच्या खोलीत गेली.

आता या साहेबांबद्दल एक सांगायला हवं. ते मुळात असे नव्हते. तरुणपणी त्यांनी दुसऱ्या एका देशाबद्दल अशीच सणसणीत सूचना काढली होती आणि तिकडे काहीच झालं नाही. तिकडचं सरकार संतापलं, इकडे वरिष्ठांनी त्यांना उभं-आडवं घेतलं, बढती राहिली ती राहिलीच. तेव्हापासून ते प्रत्येक वाक्याला आधी कठडा बांधतात आणि मगच त्यावर पाय ठेवतात. त्यांची सगळे टिंगल करतात, मीही करते. पण मार खाल्लेल्या माणसाला भ्यालास का म्हणून विचारायचं, हे जरा अतीच.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि विचारलं की तिचं कुणी तिथे आहे का. ती म्हणाली, भाऊ आणि वहिनी, वहिनीला दिवस गेलेत. साहेब उठले, त्यांनी स्वतः दार लावलं आणि खुर्चीत न बसता उभ्या उभ्याच हळू आवाजात म्हणाले, "मग फोन करा. मी काही ऐकलं नाही. नियम मलाही माहीत आहेत."

आई म्हणाली, "केला असता, साहेब. पण तिथे जे बाकीचे आहेत, त्यांच्या बहिणी या इमारतीत नोकरीला नाहीत."

साहेब खाली बसले. त्यांनी ग्लासातलं पाणी प्यायलं, मग रिकामा ग्लासही उगाच तोंडाला लावला. मग त्यांनी पेन उघडलं आणि मला जवळ ओढलं. आधी त्यांनी स्वतःचाच 'शक्यतो' खोडला. मग 'स्वतःच्या जबाबदारीवर' गेलं, 'योग्य वेळी' गेलं, 'उचित' तर इतकं खोडलं की कागद फाटला. त्यांनी तातडीच्या अधिकारात माझ्यावर सही केली आणि म्हणाले की वर नंतर कळवू. उभ्या आयुष्यात त्यांनी 'नंतर' हा शब्द वरच्यांसाठी पहिल्यांदाच वापरला असेल.

मी बाहेर पडले, सडपातळ आणि चावरी. आईने मी खरंच सगळ्यांना दिसतेय ना, ते स्वतः तपासलं. वकिलातीला विचारून सगळ्या फोनांवर पोचल्याची खात्री करून घेतली. आणि मगच तिने मामाला फोन लावला.

त्याने उचलला, पण 'बारके' म्हटलं नाही. तीही खुशाली न विचारता सरळ मला वाचू लागली. खड्या आवाजात, शब्दन् शब्द, सरकारी इतमामात. पलीकडे कुठेतरी लिफ्टची घंटा वाजली.

"हे आता सगळ्यांना सांगितलंय?" मामाने विचारलं.

"सगळ्यांना."

"मग निघतो," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "जेवलीस का?" भांडण तिथे मिटलं. माझ्यासारखे 'शक्यतो' आणि 'उचित' खर्ची न घालता.

मी किती फुगले म्हणून सांगू! आता सगळा देश माझ्या शब्दावर उठणार, असं मला वाटलं. तिकडे विमानाच्या तिकिटांसाठी खरोखरच झुंबड उडाली. इतकी, की मामा-मामीला जागा मिळाली ती पुढच्या आठवड्याची.

आणि मग काहीच झालं नाही. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. तिकडे दुकानं उघडी, मुलं शाळेत, उन्हं छान पडलेली. इकडे माझी जी काय शोभा झाली! वर्तमानपत्रातल्या एका व्यंगचित्रात मला उंदराला बघून स्टुलावर चढलेली म्हातारी दाखवलं होतं. चित्र छान होतं, उगाच का खोटं बोलू. व्यापार खात्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिकडचा राजदूत येऊन खुर्चीत नीट न बसता निषेध नोंदवून गेला. परत आलेली माणसं विमानतळावरच म्हणू लागली की आमच्या नोकऱ्या गेल्या, आता हे खातं पोसणार का आम्हाला. मला भिंतीकडे तोंड करून उभं राहायची फार आठवण आली.

मग वरून हुकूम आला: सूचना पूर्ववत करा. पूर्ववत म्हणजे परत शक्यतो, परत उचित. फाईल साहेबांच्या टेबलावर आली आणि आईचा जीव टांगणीला लागला. मी मवाळ झाले, तर तिकिटं काढून बसलेले अर्धे लोक ती रद्द करणार, हे उघड होतं. आणि मामाला तर राहायला निमित्तच हवं होतं.

इथे मला शक्यतोसाहेबांपुढे हात जोडावेसे वाटतात. त्यांनी हुकूम मोडला नाही, ते त्यांच्या रक्तातच नाही. त्यांनी फक्त काम सुरू केलं. आधी फाईल कायद्याच्या मताला पाठवली. ती आली तर सोबतचं पत्र जोडलेलं नाही म्हणून परत पाठवली. पत्र आलं तर चर्चा करावी असं लिहिलं, आणि चर्चेच्या वेळी त्यांची दाढ दुखली. दुसऱ्या दिवशी त्यांचा चष्मा हरवला. सगळी खोली शोधत होती, कपाटाखाली काठी घालून बघून झालं, आणि आईला तो त्यांच्याच खिशातून डोकावताना दिसला. तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब नकाशाकडे पाहत होते. ती परत वाकून कपाटाखाली शोधू लागली. आयुष्यभर ज्या कलेने त्यांनी लोकांच्या कामांना खीळ घातली, ती कला त्या आठवड्यात रोज विमानं भरभरून माणसं घरी आणत होती.

आणि एका सकाळी तिकडे विमानतळावर तोफांचा मारा झाला.

मी खरी ठरले. तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. नाही हो. चित्रातली म्हातारी बनून जन्म काढला असता तरी चाललं असतं. फाईल टेबलावर तशीच राहिली, तिच्याबद्दल परत कुणी विचारलं नाही. राजदूताचा फोन लागत नव्हता. आणि मामाच्या तिकिटाचा दिवस अजून यायचाच होता.

त्यानंतर तिकडचे फोन बंद पडले. वकिलातीचे लोक जमेल तशा गाड्या करून माणसांना शेजारच्या देशाच्या सीमेपर्यंत नेत होते आणि तिथून आपली विमानं त्यांना आणत होती. कोण गाडीत बसलं, कोण राहिलं, कुणालाच सांगता येत नव्हतं. खात्याने सगळ्यांना विमानतळाच्या आगमन कक्षात कामाला लावलं. टेबलं मांडली, चादरींचे गठ्ठे आले, पाण्याच्या बाटल्या आल्या. आणि कुणीतरी मला आणून टेबलाच्या दर्शनी बाजूला चिकटवलं. जे परत आलेत त्यांच्या तोंडावर 'परत या' असं सांगायला! माझ्या अख्ख्या कर्तृत्वाला शोभेलशी जागा मिळाली.

आई एका टेबलावर, साहेब शेजारच्या. येणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे, त्याच क्रमाने, कुणालाही वगळायचं नाही. नाव काय. कुठे लागलंय का. काही औषधं चालू आहेत का. घ्यायला कोणी आलंय का. कठड्यापलीकडे नातेवाईक ताटकळत होते, ते आईला सारखे विचारत होते की आमचा माणूस कधी येईल. ती म्हणायची, मला माहीत नाही, कळलं की लगेच सांगते. त्यांना वाटायचं, हिला काय, ही सरकारी. साहेबांनी एकदा खालच्या आवाजात विचारलं की वकिलातीत माझी ओळख आहे, तुमच्या भावाबद्दल विचारू का. तिने कठड्यापलीकडे ताटकळणाऱ्यांकडे नुसती मान वळवली आणि पुढच्या माणसाला चादर दिली. साहेबांनी परत विचारलं नाही.

लोक येत होते. एक बाई माझ्यावर बोट आपटून म्हणाल्या, आजच निघा म्हणे, निघायला तिकीट कुठे होतं? त्यांचं म्हणणं रास्त होतं. एका आजोबांनी मला शांतपणे वाचलं आणि आईला सांगितलं की हिची टिंगल करता करताच मी मुलांना आधी पाठवलं, मी एकटाच मागे राहिलो होतो. आईने त्यांना विचारलं, घ्यायला कोणी आलंय का. ते म्हणाले, तीच मुलं आलीत.

मग दुपारच्या विमानाची रांग लागली, आणि रांगेत मला मामा दिसला. अंगात कामावरचाच निळा डगला, हातात एकच पिशवी. शेजारी मामी, कमरेला हात लावून सावकाश पाय टाकणारी. पोट चांगलंच पुढे आलेलं.

आईनेही पाहिलं. तिच्या हातातली चादर घसरून टेबलावर पडली. मामाच्या पुढे अजून बरीच माणसं होती. मला वाटलं, आता ही धावत जाईल, आणि गेली असती तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण तिने चादर उचलली, घडी घातली आणि समोरच्या माणसाला विचारलं, नाव काय. त्याला चारही प्रश्न विचारले. त्याच्यामागच्याला चारही विचारले. एका आजीबाईंना ऐकू कमी येत होतं, त्यांना तर प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला. एकही प्रश्न तिने गाळला नाही. मामा रांगेतून तिच्याकडे बघत होता आणि त्यानेही पुढे घुसायचा प्रयत्न केला नाही. त्याच घरचा तो.

शेवटी ती दोघं टेबलासमोर आली. आईने मान वर केली नाही. नाव काय, तिने विचारलं. मामाने दोघांची नावं सांगितली. कुठे लागलंय का? नाही. काही औषधं? मामीने गोळ्यांची नावं सांगितली. आईने ती नीट लिहून घेतली.

"घ्यायला कोणी आलंय का?"

"आलंय," मामा म्हणाला. "तीच विचारतेय."

आईला म्हणायचं होतं की पुढे सरका, मागे लोक आहेत. ती तसं म्हणायला उठलीही. मामीने टेबलावरून वाकून तिचं डोकं स्वतःच्या पोटाशी ओढून घेतलं आणि आई तिथे, सगळ्या रांगेदेखत, लहान पोरीसारखी रडली. मामा तिच्या पाठीवर थोपटत होता आणि 'बारके, अगं बारके' म्हणत होता. शेजारच्या टेबलावरून शक्यतोसाहेब उठले, आईच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसले, चादरींचा गठ्ठा जवळ ओढला आणि म्हणाले, "पुढचे, या."

त्याला आता काही महिने झाले. मामीला मुलगी झाली. म्हणजे माझी मामेबहीण, फक्त तिला अजून माझी ओळख नाही. मी अजून लागू आहे, कारण तिकडची लढाई थांबलेली नाही. सध्या मला कुणी हसत नाही. पण लोक विसरतील, आणि मग दुसऱ्या कुठल्या देशासाठी माझी धाकटी भावंडं निघतील. तीही जिना चढतील, तीही फुगून खाली येतील, त्यांच्यावरही चित्रं निघतील. निघू देत.

माझं एवढंच ऐका. आमची भाषा वाईट आहे, मान्य. आम्ही भित्र्या, उशिरा बोलणाऱ्या, दहा वेळा बोलून एकदा खऱ्या ठरणाऱ्या, सगळं मान्य. तरी आम्ही निघा म्हटलं की निघा. आम्ही खोट्या ठरलो, तर आम्हाला हसायला तुम्ही घरी असाल. मग हसा की पोटभर.